वऱ्हाडातील एसटी : फलाटामागची कार्यशाळा

अमरावती/अकोला - राज्य परिवहन महामंडळाची चर्चा बहुधा तीनच विषयांभोवती फिरते : भाडेवाढ, संप आणि अपघात. देखभाल हा चौथा विषय क्वचितच चर्चेत येतो, कारण न सुटलेल्या गाडीची बातमी होत नाही. अकोटच्या फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाला "गाडी लागली नाही" एवढेच कळते. ती का लागली नाही, याचे उत्तर चौकशी खिडकीवर मिळत नाही. ते फलाटामागच्या कार्यशाळेत, पिटवर उभ्या असलेल्या गाडीच्या पोटाखाली असते.

शहरी वाचकाला हा विषय काहीसा परका वाटण्याचा संभव आहे. अमरावती किंवा अकोल्याहून नागपूर-पुण्याकडे जाणाऱ्यास रेल्वे आहे, खासगी ट्रॅव्हल्स आहेत, स्वतःची मोटार आहे. परंतु याच दोन शहरांच्या महाविद्यालयांत, न्यायालयांत, शासकीय रुग्णालयांत आणि बाजारपेठांत रोज सकाळी येणारी हजारो माणसे ज्या लाल गाडीने येतात, त्या गाडीची प्रकृती हा शहराच्याही कामकाजाचा भाग आहे.

सतरा आगारांचा प्रदेश

महामंडळाच्या सहा प्रदेशांपैकी अमरावती हा एक. त्यात अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ हे चार विभाग येतात. अमरावती विभागात अमरावती, बडनेरा, परतवाडा, दर्यापूर, मोर्शी, वरुड, चांदूर बाजार व चांदूर रेल्वे अशी आठ आगारे आहेत. अकोला विभागाकडे अकोल्याची दोन आगारे आणि अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, कारंजा, मंगरुळपीर, वाशीम व रिसोड अशी नऊ आगारे आहेत. वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यापासून वेगळा झाला. एसटीच्या लेखी मात्र दोन्ही जिल्ह्यांचा संसार अद्याप एकत्रच आहे.

एसटी ही कंपनी कायद्याखालील कंपनी नव्हे. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ अधिनियमाखाली चालणारे ते सरकारी मालकीचे महामंडळ आहे. मुंबई राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, तेव्हा वऱ्हाड हा मध्य प्रांताचा भाग होता आणि येथील सरकारी मोटारसेवा वेगळी होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि येथील गाड्या, आगारे व कामगार मोठ्या संस्थेत विलीन झाले. व्यापारी तत्त्वावर चालावे, पण लोकांची सोयही पाहावी, अशी दुहेरी अपेक्षा कायद्यानेच या संस्थेवर लादलेली आहे. देखभालीच्या प्रश्नाचे मूळही बरेचसे या दुहेरीपणात आहे. पैशाची ओढाताण झाली की जो खर्च आज टाळला तरी आज काही बिघडत नाही, तो खर्च पहिल्यांदा टाळला जातो; आणि देखभालीचा खर्च नेमका त्या जातीचा आहे.

रात्रपाळीतील काम

एसटीच्या देखभालीची रचना तीन पायऱ्यांची आहे. रोजची तपासणी व किरकोळ दुरुस्ती आगारात होते. मोठी दुरुस्ती, अपघातग्रस्त गाड्या आणि सुट्या भागांची फेरजुळणी विभागीय कार्यशाळेत होते. त्यावर तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत : पुण्याजवळ दापोडी, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा. सांगाड्यावर गाडीचा साचा उभारण्याचे काम या मध्यवर्ती कार्यशाळांत होत आले आहे. वऱ्हाडाला जवळची ती हिंगण्याची. अमरावतीहून ती दीडशे किलोमीटरवर आहे, अकोल्याहून अडीचशेच्या घरात.

आगारातील खरे काम रात्री चालते. दिवसभराची धाव संपवून गाडी आत येते, डिझेल भरले जाते, धुलाई होते. चालकाने लॉगशीटवर जी तक्रार लिहिलेली असते - ब्रेक उशिरा लागतो, स्टिअरिंग एका बाजूला ओढते, हवा उतरते, उजवा दिवा बंद - ती पाहून यांत्रिक कर्मचारी गाडी हातात घेतात. रेडिएटरचे पाणी, इंजिनाचे तेल, पट्टे, चाकांचे नट, टायरमधील हवा, ब्रेकसाठी लागणारा हवेचा दाब, वायपर, दिवे या गोष्टी रोज पाहायच्या असतात. त्याखेरीज ठराविक दिवसांनी करावयाची तपासणी वेगळी, आणि ठराविक किलोमीटर धाव झाल्यावर गाडी मार्गावरून काढून करावयाचे 'डॉकिंग' वेगळे. शिवाय परिवहन कार्यालयाकडून योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. प्रवाशांच्या भाषेत हे 'पासिंग'.

या वेळापत्रकाचा कणा चालकाची तक्रार हाच आहे. चालकाने लिहिले पाहिजे, रात्रपाळीने वाचले पाहिजे, आणि सकाळी गाडी घेणाऱ्या दुसऱ्या चालकाला काय दुरुस्त झाले व काय राहिले हे कळले पाहिजे. या साखळीतील एक कडी तुटली की तीच तक्रार तीन-तीन दिवस लॉगशीटवर येत राहते आणि मग लिहिणाराही लिहिणे सोडून देतो. कागदावर अशी गाडी निर्दोष असते, आणि कार्यशाळेला सर्वांत अवघड जाते ती हीच गाडी.

राखीव गाडीचे गणित

देखभाल आणि वेळापत्रक यांचा संबंध एका साध्या उदाहरणाने समजेल. समजा, एखाद्या आगाराकडे पन्नास गाड्या आहेत आणि रोजची नियते भागविण्यास सेहेचाळीस लागतात. उरल्या चार. त्यांतील एक पासिंगसाठी गेलेली, एक डॉकिंगवर, एक अपघातानंतर विभागीय कार्यशाळेत. म्हणजे हाताशी राहिली एक. त्या दिवशी पहाटे दोन गाड्यांनी सुरू होण्यास नकार दिला, की एक नियत रिकामे राहते. आता आगार व्यवस्थापकापुढे प्रश्न असा की कोणती फेरी रद्द करावयाची?

नागपूरची लांब पल्ल्याची फेरी रद्द केली तर आरक्षणाचे पैसे परत करावे लागतात, उत्पन्न बुडते, आरडाओरड होते. शहरालगतच्या मोठ्या गावाची फेरी रद्द केली तर फलाटावर गर्दी उसळते. पंधरा-वीस प्रवासी असलेल्या आडवाटेच्या खेड्याची फेरी रद्द केली तर यांपैकी काहीच होत नाही. म्हणून बहुतेक वेळा तीच कापली जाते. ज्या गावाला दिवसातून दोनच फेऱ्या आहेत, त्या गावाची निम्मी सेवा अशा रीतीने एका नादुरुस्त स्टार्टरमुळे नाहीशी होते. शहरात एक गाडी चुकली तर दुसरी येते. खेड्यात गाडी चुकली म्हणजे मुलीची शाळा चुकते, रुग्णाची तारीख चुकते, बाजारात नेलेली भाजी परत येते.

मुलींच्या शिक्षणाचा येथे विशेष उल्लेख करावा लागेल. ग्रामीण विद्यार्थिनींना एसटीचा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना अनेक वर्षे राबविली जात आहे. मात्र पास असणे आणि गाडी असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. संध्याकाळची परतीची फेरी भरवशाची नसेल तर वऱ्हाडातील कोणताही बाप मुलीला तालुक्याच्या गावी पाठविताना दोनदा विचार करतो. सरकारदरबारी पासांची संख्या मोजली जाते. त्या पासांवर किती फेऱ्या प्रत्यक्ष धावल्या हे त्यासोबत कोणी मांडत नाही.

बदलीचा भाग आणि उसना भाग

गाडी कार्यशाळेत किती दिवस राहते, हे यांत्रिकाच्या कसबाइतकेच भांडारावर अवलंबून असते. गिअरबॉक्स बिघडला की तो तेथेच खोलून बसायचे नाही. विभागीय कार्यशाळेतून दुरुस्त करून ठेवलेला दुसरा आणावयाचा, बसवावयाचा आणि गाडी मार्गावर सोडावयाची. नादुरुस्त गिअरबॉक्स मग सावकाश दुरुस्त होतो. इंजिन, इंधन पंप, डिफरन्शियल, स्टार्टर या साऱ्यांबाबत तत्त्व हेच. मोठ्या ताफ्याची देखभाल परवडते ती या पद्धतीमुळेच. एकट्या ट्रॅव्हल्स मालकाला ही सोय नसते.

परंतु या पद्धतीला बदलीच्या भागांचा साठा शिल्लक असावा लागतो. पुरवठादारांची देणी थकली किंवा खरेदीची फाईल अडली की साठा आटतो. मग एका बंद गाडीचा भाग काढून दुसऱ्या गाडीला लावण्याचा मार्ग उरतो. एका रात्रीपुरता तो उपाय चतुर वाटतो. मात्र ज्या गाडीचा स्टार्टर काढला तिचा पुढे अल्टरनेटर निघतो, मग बॅटरी, मग आरसे, आणि पाहता पाहता एक दुरुस्त होण्याजोगी गाडी भिंतीलगतचा सांगाडा होऊन बसते. दुरुस्तीचे काम दुप्पट होते ते वेगळेच, कारण तोच भाग दोनदा काढावा आणि दोनदा बसवावा लागतो.

टायरची गोष्टही सांगण्यासारखी आहे. झिजलेल्या टायरवर नवा थर चढवून तो पुन्हा वापरणे, यास एसटीच्या भाषेत पुनःस्तरण म्हणतात. त्यासाठी महामंडळाचे राज्यात नऊ प्रकल्प आहेत. नवा टायर पुढच्या चाकांना, पुनःस्तरित मागच्या जोडचाकांना, हा दंडक आहे. कारण पुढचा टायर फुटला तर गाडी चालकाच्या हातात राहत नाही. अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे ही नवलाई नव्हे. तापलेल्या डांबरावर भरलेली गाडी धावत असता कमी हवेचा टायर आतून तापतो, त्याचे थर सुटू लागतात. हवा तपासण्याचे पाच मिनिटांचे काम मे महिन्यात किती मोलाचे असते, हे यावरून ध्यानात यावे.

डिझेल हा महामंडळाचा पगाराखालोखाल मोठा खर्च. साधी एसटी एका लिटरला पाच किलोमीटरच्या आतबाहेर धावते. रोज तीनशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीची सरासरी पाचवरून साडेचारवर आली, तर रोज सहा-सात लिटर डिझेल अधिक जळते. महिन्याला ते दोनशे लिटर होते. बहुतेक वेळा कारण साधे असते : चोंदलेले एअर फिल्टर, चाकाला घासणारा ब्रेक, कमी हवेचे टायर, गळता नोझल. देखभालीवर वाचविलेला पैसा डिझेलच्या पंपावर निघून जातो. फक्त तो वेगळ्या लेखाशीर्षाखाली दिसतो, म्हणून कोणी कोणास जाब विचारत नाही.

रस्ते वऱ्हाडातले

गाडी जेवढी कार्यशाळेत घडते तेवढीच रस्त्यावर बिघडते. अमरावती-अकोला महामार्गाचे काम कित्येक वर्षे रखडले होते. मूर्तिजापूर परिसरातील खड्ड्यांनी प्रवाशांच्या कमरेबरोबर गाड्यांचे पाटेही मोडले. पुढे जून २०२२ मध्ये याच महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकण्यात आला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. जो रस्ता वर्षानुवर्षे होत नव्हता तो पाच दिवसांत जागतिक विक्रम करून गेला, हा योगायोग वऱ्हाडी माणसाने हसत स्वीकारला. एसटीच्या दृष्टीने मात्र विक्रमापेक्षा महत्त्वाचे हे की, सपाट रस्त्यावर पाटे, शॉकअब्सॉर्बर आणि साच्याचे रिव्हेट यांचे आयुष्य वाढते.

महामार्ग सोडला की चित्र बदलते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा - अकोट, तेल्हारा, दर्यापूर, मूर्तिजापूर हा सारा भाग - काळ्या चिकणमातीचा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि तिच्यावरील रस्ता तिच्याबरोबर वरखाली होतो. डांबर नवे असले तरी दोन पावसाळ्यांत त्याच्या लाटा होतात. अशा लाटांवरून रोज धावणाऱ्या गाडीच्या खिडक्या खडखडतात, दरवाजे बसत नाहीत, छताचे जोड सुटतात. 'लाल डबा' या उपहासामागे केवळ महामंडळाची अनास्था नाही; थोडी भूगर्भाचीही करामत आहे.

अकोला-अकोट मार्गाने तर दुहेरी परीक्षा पाहिली. खंडव्याकडे जाणारी मीटरगेज गाडी रुंदीकरणासाठी २०१७ मध्ये बंद झाली आणि अकोटचा सारा भार रस्त्यावर आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये गांधीग्राम येथील पूर्णेवरचा ब्रिटिशकालीन पूल धोकादायक ठरवून वाहतुकीस बंद करण्यात आला. एसटीला वळसा घालावा लागला. वळसा म्हणजे अधिक किलोमीटर, अधिक डिझेल, अधिक वेळ. तेवढ्याच गाड्यांत कमी फेऱ्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात अकोट-अकोला ब्रॉडगेज गाडी सुरू झाली, तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरील 'शकुंतला' मात्र बंद पडली ती पडलीच. दर्यापूर आणि अंजनगावच्या प्रवाशाला आता रस्त्याशिवाय पर्याय नाही.

मेळघाटाची गोष्ट आणखी निराळी. परतवाड्याहून घटांग, सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीकडे जाणारी गाडी आणि चिखलदऱ्याचा सुमारे अकराशे मीटर उंचीचा माथा गाठणारी गाडी, या दोहोंना सपाटीवरच्या गाडीचे निकष लावून चालत नाही. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला तर लायनिंग तापून पकड सोडते. म्हणून खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर गाडी आवरावी लागते. क्लच, ब्रेक लायनिंग आणि गिअरबॉक्स तेथे लवकर झिजतात. सबब घाटात जाणाऱ्या गाड्या निवडून, त्यांची तपासणी अधिक वेळा करावी लागते. गाड्यांचा तुटवडा असला की निवड करायला वाव राहत नाही. जी गाडी उभी आहे ती जाते. कोरकू पाड्यांतील रहिवाशांना उपजिल्हा रुग्णालय गाठण्यासाठी हीच गाडी असते, आणि मोबाइलची रेंज नसलेल्या वळणावर ती बंद पडली तर मदत मागायलाही पुढच्या वाहनाची वाट पाहावी लागते.

उभ्या गाड्यांचा आजार

यंत्र चालविल्याने झिजते. न चालविल्याने ते अधिक झिजते. मार्च २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत एसटी थांबली. मे अखेरीस जिल्ह्यांतर्गत आणि ऑगस्टमध्ये आंतरजिल्हा वाहतूक पुन्हा सुरू झाली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस, विलीनीकरणाच्या मागणीसाठी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०२२ मध्ये तो मिटला. संपाच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु सुमारे साडेपाच महिने आगारांत उभ्या राहिलेल्या गाड्यांचे काय झाले, याकडे फारसे लक्ष गेले नाही.

बॅटऱ्या उतरल्या. एकाच जागी भार पेलून टायर चपटले. रबरी वॉशर व सील कोरडे पडून तडकले, त्यामुळे हवा आणि तेल गळू लागले. डिझेलच्या टाकीत पाणी जमले. उंदरांनी वायरी कुरतडल्या. साच्याच्या जोडांत गंज शिरला. अशा गाडीला किल्ली फिरवून मार्गावर काढता येत नाही. तिची जवळजवळ डॉकिंगइतकी तपासणी करावी लागते. यांत्रिक कर्मचारीही संपात होते, तेव्हा हे काम साचत गेले.

याच काळात नव्या गाड्यांची खरेदी मंदावली होती. कोविडपूर्वी महामंडळाकडे सुमारे १८ हजार गाड्या होत्या. ती संख्या पुढे १५ हजारांच्या आसपास आली. त्यात केंद्राच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी नूतनीकृत होत नाही, आणि परिवहन महामंडळांच्या गाड्याही त्यातून सुटलेल्या नाहीत. नियम योग्यच आहे. मात्र जुनी जाण्याआधी नवी यावी लागते.

गर्दी वाढली, गाड्या घटल्या

नेमक्या या तुटवड्याच्या काळात प्रवासी वाढले. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळाला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळाली. दोन्ही योजना लोकप्रिय ठरल्या, आणि रास्त ठरल्या. घरातल्या बाईला माहेरी, देवाला, दवाखान्यात जाण्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागू नये, याचे मोल पैशात होत नाही. परंतु यंत्राला सवलत कळत नाही. आसनसंख्येहून कितीतरी अधिक प्रवासी घेऊन धावणाऱ्या गाडीचे पाटे, टायर, ब्रेक आणि क्लच यांवर भार वाढतो. म्हणून तपासणीचा कालावधी कमी करावा लागतो. प्रत्यक्षात गाड्या कमी असल्याने कालावधी वाढविण्याचाच मोह होतो.

सवलतीच्या रकमेची प्रतिपूर्ती शासन करते. ती वेळेवर आली तर भांडारात सामान येते, लांबली तर पगार आणि डिझेल आधी, सुटे भाग नंतर. शिवाय तिकिटाच्या उत्पन्नावर साडेसतरा टक्के प्रवासी कर महामंडळ शासनालाच भरते. एका हाताने द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने घ्यावयाचे, असा हा व्यवहार आहे. जून २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी महामंडळाची श्वेतपत्रिका काढली, तेव्हा संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या पुढे गेल्याचे दिसून आले. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले होते.

पैशाच्या या चणचणीचे दृश्य रूप २०२३ मध्ये राज्याने पाहिले. भूम आगाराच्या फुटक्या काचांच्या गाडीवर शासनाच्या गतिमानतेची जाहिरात झळकली आणि विषय विधानसभेत गेला. त्याच जुलैत गडचिरोली विभागातील अहेरी आगाराच्या गाडीचे छत उचकटून वाऱ्यावर फडफडत असल्याची चित्रफीत देशभर फिरली. दोन्ही वेळा कारवाई झाली ती निलंबनाची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशातला हा प्रकार. निलंबित अभियंत्याच्या जागी येणाऱ्यासही तेच भांडार, तेवढेच कर्मचारी आणि तेवढ्याच गाड्या मिळणार असतील, तर छताचे पत्रे आपोआप घट्ट होत नाहीत. अर्थात अशी गाडी मार्गावर सोडणाऱ्याची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. असुरक्षित गाडी रोखण्याचा अधिकार कार्यशाळेला आहे आणि तो वापरलाच पाहिजे. मात्र गाडी रोखली तर फेरी रद्द झाली म्हणून जाब, सोडली तर निलंबन, अशा कात्रीत सापडलेला पर्यवेक्षक काय करील, याचाही विचार वरिष्ठांनी करावयास हवा.

नव्या गाड्या, नवी हत्यारे

परिस्थिती अगदीच निराशाजनक नाही. महामंडळाने २०२४ मध्ये अशोक लेलँड कंपनीकडे २ हजार १०४ स्वमालकीच्या गाड्यांची मागणी नोंदविली. या गाड्या बीएस-६ निकषांच्या आहेत, आणि येथेच कार्यशाळेपुढे नवा धडा उभा राहतो.

जुन्या इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखणारे यांत्रिक वऱ्हाडातील प्रत्येक आगारात होते. नव्या इंजिनात संवेदक आहेत, संगणकीय नियंत्रण आहे, धुरातील काजळी पकडणारी गाळणी आहे आणि धूर निर्दोष करण्यासाठी युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी आहे. गाळणीतील काजळी जळून जाण्यासाठी धुराचे तापमान काही काळ चढे राहावे लागते. महामार्गावर ते सहज राहते. दर दोन किलोमीटरला थांबणाऱ्या, वीस-पंचवीसच्या वेगाने धावणाऱ्या खेड्याच्या फेरीत ते राहत नाही. गाळणी चोंदते, दिवा लागतो, इंजिनाची शक्ती आपोआप कमी होते. चालकाला वाटते गाडी 'ओढत नाही'. येथे पाना आणि हातोडी उपयोगाची नाही; दोष वाचणारे यंत्र आणि ते वाचता येणारा माणूस हवा. विभागीय कार्यशाळेत एक यंत्र ठेवून तेल्हारा किंवा वरुडच्या गाडीला प्रत्येक वेळी शहरात बोलावणे म्हणजे पुन्हा एक दिवसाची फेरी बुडविणे होय. नव्या गाडीबरोबर आगाराच्या पातळीवर प्रशिक्षण आणि हत्यारे पोहोचली नाहीत, तर तीन वर्षांत तीही भिंतीलगत उभी राहील.

दुसरा मार्ग भाडेतत्त्वाचा. खासगी कंपनीची गाडी, तिचाच चालक, तिचीच देखभाल. महामंडळाचा वाहक आणि किलोमीटरमागे ठरलेले पैसे. शिवशाहीच्या काही गाड्या २०१७ पासून या पद्धतीने धावल्या आणि ५ हजार १५० विजेवरील गाड्यांचा करारही याच धर्तीचा आहे. त्यातील गाड्यांचा पुरवठा मात्र वेळापत्रकाच्या बराच मागे पडला. या पद्धतीत देखभालीची डोकेदुखी टळते असे वाटते. प्रत्यक्षात ती करारपत्रात जाते. गाडी बंद पडली तर दंड किती, बदली गाडी किती तासांत, तपासणी कोणी करावयाची, हे कलम कसे लिहिले आहे यावर प्रवाशाची सोय ठरते. आणि ठेकेदाराने अंग काढून घेतले, तर त्या गाड्या दुरुस्त करण्याचे कसब महामंडळाकडे उरलेले नसते. भाड्याच्या गाड्या घ्याव्यात, पण स्वतःची कार्यशाळा मोडून नव्हे.

प्रवाशाने काय पाहावे

एसटीच्या कारभाराचे मोजमाप करणारे तीन-चार आकडे असतात. ताफ्यातील शंभर गाड्यांपैकी प्रत्यक्ष मार्गावर किती. प्रत्येक दहा हजार किलोमीटर धावेमागे गाड्या किती वेळा बंद पडल्या. एका लिटरला किती किलोमीटर. आणि नियोजित किलोमीटरपैकी रद्द किती, त्यातही गाडीअभावी रद्द किती आणि चालक-वाहकाअभावी किती. हे सर्व आकडे प्रत्येक आगारात तयार होतात. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ते कोणालाही मागता येतात. ग्रामपंचायतींनी आणि महाविद्यालयांनी "गाडी येत नाही" अशी मोघम निवेदने देण्याऐवजी विशिष्ट फेरी महिन्यात किती दिवस धावली हे मागितले, तर उत्तर देणे टाळता येत नाही.

वाटेत गाडी बंद पडल्यास प्रवाशाला त्याच तिकिटावर पुढील एसटीने प्रवास करता येतो. वाहकाने मागून येणाऱ्या गाडीत बसवून देणे अपेक्षित असते. तिकीट तोवर जपून ठेवावे. तक्रारपुस्तक प्रत्येक आगारात असते. तक्रारीत गाडीचा क्रमांक, मार्ग, तारीख आणि वेळ लिहिली तर ती संबंधित कार्यशाळेपर्यंत जाते; "सर्व गाड्या खटारा" असे लिहिले तर ती कोठेच जात नाही.

वर्षातील सर्वांत कठीण महिना आषाढाचा. पंढरपूरच्या यात्रेसाठी राज्यातील सर्व विभागांतून जादा गाड्या सोडल्या जातात. त्यांत वऱ्हाडातील चांगल्या गाड्या आधी निवडल्या जातात, आणि तशा त्या निवडल्याच पाहिजेत. वारकऱ्यांना शेकडो किलोमीटर दूर नेणारी गाडी घाटात थांबता कामा नये. त्यामुळे यात्रेआधी आगारांत रात्रंदिवस काम चालते आणि यात्रेच्या आठवड्यात मागे राहिलेल्या गाड्यांवर रोजच्या फेऱ्या भागवाव्या लागतात. याच दिवसांत शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात आणि विद्यार्थ्यांचे पास नवे असतात. यात्रेहून परतलेल्या गाड्या पुन्हा पिटवर जातात. त्यांची तपासणी होऊन त्या नेहमीच्या मार्गावर येईपर्यंत खेड्यांच्या फेऱ्या विस्कळीतच राहतात.